मध्य आशिया शिकवायची गरज कुणाला होती?

७ सप्टेंबर २०१३ रोजी कझाकस्तानची राजधानी अस्ताना इथल्या नझरबायेव विद्यापीठात चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांचं व्याख्यान झालं. ‘रेशीम मार्ग आर्थिक पट्टा’ ही कल्पना त्यांनी पहिल्यांदा मांडली ती तिथं, विद्यार्थ्यांपुढे. पुढे ‘बेल्ट अँड रोड’ या नावानं चीनची देशोदेशी रस्ते, रेल्वे, बंदरं बांधायची जी योजना गाजली तिचं बारसं असं एका विद्यापीठाच्या सभागृहात झालं. जुलै २०१५ मध्ये नरेंद्र मोदीही त्याच विद्यापीठात बोलून आले.

मध्य आशियाच्या संस्कृतीवर आणि समाजावर विद्यापीठांत व्याख्यानं, कार्यशाळा होतात तेव्हा विषय दिसतात लग्नाच्या चाली, गालिचे, किर्गिझांचं ‘मनास’ महाकाव्य असे. कुणाला खटकण्यासारखं त्यात काही नसतं. पण हा विषय विद्यापीठात आला तो बहुतेक वेळा कुणाचं तरी काम अडलं म्हणून.

सुरुवात रशियाची. १८०४ साली स्थापन झालेल्या कझान विद्यापीठात पौर्वात्य भाषा शिकवत. १८५५ मध्ये ते सगळं बिऱ्हाड सेंट पीटर्सबर्गला हललं. दहाच वर्षांनी रशियन फौजेनं ताश्कंद घेतलं, १८६८ मध्ये समरकंद. मुलूख हाती आला, पण तिथली भाषा, जमिनीची वहिवाट, पाटाच्या पाण्याची वाटणी समजणारी माणसं कुठं होती?

या काळातलं एक जोडपं लक्षात राहतं. व्लादिमिर नलिव्किन हा फौजेतला अधिकारी. नोकरी सोडून तो बायको मारियासह फरगाणा खोऱ्यातल्या नानाय गावी जमीन घेऊन राहिला. मारिया तिथल्या बायकांसारखी परंजी, म्हणजे त्यांचा बुरखा, घालून त्यांच्यात वावरली. पुरुष अभ्यासकाला जिथं उंबरठाही ओलांडता आला नसता, तिथं ती घरातली होऊन बसली. १८८६ मध्ये फरगाण्यातल्या स्त्रियांच्या आयुष्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. आजचा संशोधक वर्षभर गावात राहून जे करतो, ते या दोघांनी कुणाच्या शिष्यवृत्तीशिवाय केलं. पुढे नलिव्किन ताश्कंदच्या अध्यापक विद्यालयात स्थानिक भाषा शिकवू लागला; म्हणजे शिकलेलं शेवटी सरकारच्याच उपयोगी पडलं.

इतिहासाच्या बाजूला सगळ्यात मोठं नाव वासिली बार्तोल्द यांचं. १९२६ मध्ये इस्तंबूलला जाऊन त्यांनी मध्य आशियाई तुर्कांच्या इतिहासावर १२ व्याख्यानं दिली. तुर्की प्रजासत्ताक तेव्हा जेमतेम तीन वर्षांचं होतं आणि आपले पूर्वज शोधत होतं. वक्ता रशियन, श्रोते तुर्क, विषय तिसऱ्याचाच.

तोवर खुद्द ताश्कंदमध्ये विद्यापीठ उभं राहिलं होतं. १९२० मध्ये त्यासाठी मॉस्कोहून प्राध्यापक, पुस्तकं आणि उपकरणं आगगाडीनं आली. इथं पहिल्यांदा स्थानिक माणसं व्यासपीठावर दिसू लागली. अब्दुरऊफ फित्रत हे बुखाऱ्याचे लेखक, पुढे प्राध्यापक झाले. ४ ऑक्टोबर १९३८ रोजी स्तालिनच्या राजवटीनं त्यांना गोळ्या घातल्या. ताश्कंदमध्ये शिकवलेले भाषाशास्त्रज्ञ येवगेनी पोलिवानोव त्याच वर्षी जानेवारीत मारले गेले होते.

लिपीचंही तसंच झालं. उझबेक भाषा आधी अरबी लिपीत होती, १९२० च्या दशकाअखेर ती लॅटिनमध्ये गेली, १९४० मध्ये सिरिलिकमध्ये, आणि १९९३ च्या कायद्यानं पुन्हा लॅटिनकडे. घरातलं मोडीतलं खतपत्र हाती आलं की आपण वाचणारा शोधत फिरतो. तिकडे तर आजोबांनी छापून घेतलेलं पुस्तक नातवाला उलगडेना. त्यामुळे उझबेक शिकणाऱ्या अभ्यासकाला एका भाषेसाठी तीन लिप्या गिरवाव्या लागतात. मराठी माणसाला या वर्गात एक सुख मात्र आहे: बोझोर, दोस्त, दर्वोझा, हावो हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. ‘दफ्तर’ म्हणजे वही हे तेवढं लक्षात ठेवायचं.

अमेरिकेत कारण होतं युद्धाचं. १९४३ मध्ये इंडियाना विद्यापीठात सैनिकांसाठी भाषावर्ग सुरू झाले, त्यातून पुढे उरल-अल्ताई, म्हणजे हंगेरियन, तुर्की, मंगोल अशा भाषांच्या अभ्यासाचा विभाग निघाला. १९५७ च्या ऑक्टोबरात सोव्हिएत संघाचा स्पुटनिक हा पहिला उपग्रह उडाला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसनं संरक्षण-शिक्षणाचा कायदा करून परकी भाषांसाठी तिजोरी उघडली. पैसा आला, पण जायचं कुठं? सोव्हिएत गावांत परदेशी अभ्यासकाला राहू देत नसत. मग पश्चिमेतले तज्ज्ञ हजारो मैलांवर बसून सोव्हिएत वर्तमानपत्रं चाळत आणि ओळींच्या मधलं वाचत.

त्या वाचनातून एक भाकीत निघालं: सोव्हिएत संघ फुटेल तो मध्य आशियातल्या मुसलमानांमुळे. मार्च १९९१ च्या सार्वमतात मध्य आशियातल्याच पाच प्रजासत्ताकांनी (कझाकस्तान, उझबेकिस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान) ९० टक्क्यांहून जास्त मतं संघ टिकवण्याच्या बाजूनं दिली. संघ फुटला खरा, पण तडा दुसरीकडून गेला. लांबून वाचलेल्या समाजाबद्दल किती चुकू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

त्यानंतर पाट्या बदलल्या. १९९३ मध्ये इंडियानाचा विभाग ‘मध्य युरेशियन अभ्यास’ झाला. आपल्या मुंबई विद्यापीठातल्या सोव्हिएत अभ्यास केंद्रालाही असंच मध्य युरेशियाचं नाव मिळालं. काश्मीर विद्यापीठाचं मध्य आशिया केंद्र त्याआधीपासूनचं. त्यांना हा प्रदेश डोंगरापलीकडचा शेजारी, मॉस्कोमार्गे ओळख करून घ्यायची गरज नव्हती. दारं उघडल्यावर संशोधक गावांत जाऊन राहू लागले, आणि चर्चासत्रांत ‘समाज’ हा शब्द वर्तमानपत्राच्या कात्रणातून उठून माणसांच्या ओसरीवर आला. २००१ नंतर, शेजारच्या अफगाणिस्तानात युद्ध पेटलं तसा सैन्याला आणि सरकारांना या भाषांचा पुन्हा उमाळा आला.

तिकडच्या लोकांनीही आपलं काही उभं केलं. २००० मध्ये कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान आणि इस्माइली मुसलमानांचे धर्मगुरू आगा खान यांच्यात करार होऊन ‘मध्य आशिया विद्यापीठ’ स्थापन झालं. त्याचे परिसर राजधान्यांत नाहीत, नारिन आणि खोरोगसारख्या डोंगराळ गावांत आहेत. आजूबाजूच्या पोरांना शिकायला घर फार लांब सोडावं लागू नये म्हणून. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी आहे.