पुराभिलेखपालांचे लोकसहभाग-प्रशिक्षण

जुन्या कागदपत्रांचे वाचन, लिप्यंतर आणि सूचीकरण या कामांत नागरिकांचे ऑनलाइन साहाय्य कसे घ्यावे, याचे जे शिक्षण पुराभिलेखपालांना, म्हणजे जुन्या कागदपत्रांचे साठे सांभाळणाऱ्यांना, दिले जाते, त्याला लोकसहभाग-प्रशिक्षण म्हणता येईल. अशा सहभागासाठी ‘क्राउडसोर्सिंग’ हा शब्द २००६ पासून रूढ झाला. जतन आणि वर्गीकरण यांत मुरलेल्या पुराभिलेखपालाला येथे अनोळखी वाचकाच्या हाती कागद सोपवणे आणि त्याने केलेले काम दफ्तराच्या सूचीत परत आणणे, हे नव्याने शिकावे लागते.

प्रशिक्षणाचा सर्वांत कसोटीचा भाग तपासणीचा असतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१० मध्ये तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांची हस्तलिखिते लोकांपुढे ठेवली, तेव्हा स्वयंसेवकाने टंकलेले प्रत्येक पान प्रकल्पातील कर्मचारी तपासून मगच पक्के करीत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ पासून जुन्या वृत्तपत्रांच्या यंत्रवाचित मजकुरातील चुका वाचकांना दुरुस्त करू दिल्या. तेथे पूर्वतपासणी नाही, दुरुस्ती लगेच दिसते आणि पुढचा वाचक ती पुन्हा सुधारू शकतो. मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात एकाने मुद्रितशोधन केलेले पान दुसऱ्याने प्रमाणित करायचे असते. छापील मजकुराला वाचकांची परस्पर दुरुस्ती पुरते. जुन्या हस्ताक्षराला मात्र जाणकाराची नजर लागतेच.

मराठीपुरता हा विषय मोडी लिपीशी येऊन भिडतो. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दफ्तरापासून तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयापर्यंत मोडी कागदांचे प्रचंड साठे आहेत, आणि मोडीचे वर्ग पूर्ण करूनही सरावाला कागद न मिळणारे अनेक जण आहेत. त्यांच्यापुढे पान ठेवण्याआधी सूचनापत्रक नीट तयार हवे. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून तिला अक्षरे लटकवलेली असतात, शब्द तोडलेले नसतात आणि इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळलेला नसतो. तेव्हा देवनागरीत उतरवताना मूळ लेखन तसेच ठेवायचे की आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे बदलायचे, हे पहिल्याच ओळीत सांगावे लागते. ‘छ’ म्हणजे चांद्रमासाची तारीख, आणि ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे सहा, सत्तर, शंभर व हजार मिळून शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतील कालगणना) ११७६, अर्थात इ. स. १७७५–७६, अशी उदाहरणे सोबत दिली की वाचक अडत नाही. न लागलेल्या अक्षराच्या जागी अंदाज न ठोकता ठरलेली खूण करावी, हेही आवर्जून शिकवावे.

कागद निवडताना हयात व्यक्तींची खासगी माहिती आणि स्वामित्वहक्क पाहावे लागतात. स्वयंसेवकांच्या शंकांना वेळेवर उत्तर देणे हे प्रशिक्षित माणसाचे रोजचे काम आहे. उत्तर लांबले की चांगले वाचक गळतात. तयार झालेले लिप्यंतर मूळ रुमालाच्या (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याच्या) व कागदाच्या क्रमांकाशी जोडून, लिप्यंतरकाराच्या श्रेयासह सूचीत नोंदवले जाते, म्हणजे पुढच्या संशोधकाला नावाने किंवा गावाने शोध घेतल्यावर तोच कागद समोर येतो.