बातम्यांमधला कॅमेरा एवढा धावायला कधी लागला?

मुंबईत हिंदमाताला पाणी तुंबलं की टीव्हीवर एक शॉट हमखास दिसतो, कॅमेरा पार पाण्यालगत ठेवलेला, पुढ्यात नुसतं पाणी आणि लांब कुठेतरी बंद पडलेली टॅक्सी. तीच जागा वरून फ्लायओव्हरवरून शूट करा, पाणी किती आणि कोरडा रस्ता किती ते लगेच कळतं. दोन्ही शॉट खरेच आहेत, पण बघणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम पूर्ण वेगळा, आणि हे आपल्याला ओळखता यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हा बातम्यांचं शूटिंग १६ एमएम फिल्मवर व्हायचं, १०० फुटांच्या रोलमध्ये जेमतेम पावणेतीन मिनिटं, वर ती फिल्म धुवायची, कापायची, मग दाखवायची. त्यामुळे कॅमेरामन जपूनच बटण दाबायचा, शॉट स्थिर आणि मोजके. पुढे व्हिडिओ टेप आली नि हात मोकळा झाला.

खरा फरक पडला तो २४ तास चॅनलमुळे. डिसेंबर २००० मध्ये हिंदीत आज तक आलं, २००७ ला मराठीत झी २४ तास आणि स्टार माझा. दिवसभर स्क्रीन भरायची म्हटल्यावर दहा सेकंदांची क्लिप पुन्हा पुन्हा फिरवणं, झूम, लाल गोल, हे सगळं वाढतच गेलं.

आणि मग २६/११. नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना अख्ख्या देशाने लाइव्ह पाहिले, आणि तिकडे पाकिस्तानात बसलेले अतिरेक्यांचे हँडलर, म्हणजे त्यांना हुकूम देणारे, तेही टीव्ही बघूनच फोनवर सूचना देत होते. कसाबच्या खटल्यात २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने या कव्हरेजवर कडक ताशेरे ओढले, तरी नियम यायला २०१५ उजाडलं, आता अतिरेक्यांविरुद्ध कारवाई चालू असताना लाइव्ह दाखवता येत नाही, सरकारी अधिकाऱ्याने अधूनमधून दिलेली माहितीच द्यायची. आपल्या शहराने याची फार मोठी किंमत मोजलीय.

आता दरवेळी ओबी व्हॅनचीही, म्हणजे थेट प्रक्षेपणाचं सामान असलेल्या गाडीचीही गरज उरली नाही, पाठीवरच्या बॅगेत चार-पाच सिमकार्डं एकत्र चालतात आणि रिपोर्टर धावता धावता लाइव्ह जातो. शिवाजी पार्कच्या सभेत लांबून टेलिलेन्सने, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सने घेतलेली गर्दी एकमेकांना चिकटल्यासारखी दिसते, म्हणून मैदान किती भरलंय हे बघायचं तर अख्खं मैदान दाखवणाऱ्या वाइड शॉटची वाट बघा, आणि चॅनलने तो दाखवलाच नाही तर तेही लक्षात ठेवा.