नेट गेलं नव्हतं, पत्ता चुकला होता

व्हिडिओ कॉल मध्येच तुटला की आपल्या तोंडून एकच वाक्य निघतं, ‘नेट गेलं.’ राउटर बंद-चालू होतो, मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू होतो, आणि कॉल लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालू असेल तर ‘तरी सांगत होतो, ते लिनक्स नको’ असं कुणीतरी ऐकवूनही घेतं. नेट खरंच गेलं, तर समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून गोठतो, आवाज चिरकतो, पण खिडकी जागेवर असते. खिडकीच गायब झाली, तर तो प्रोग्राम मेला. आणि पुष्कळदा तो आपणहून मरत नाही. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याला संपवतो, आणि त्याची नोंदही ठेवतो.

व्हिडिओ कॉलच असा वारंवार का मरतो? कारण एवढी कसरत रोजचे फार थोडे प्रोग्राम करतात. कॅमेऱ्याकडून सेकंदाला ३० चित्रं घ्यायची, ती दाबून लहान करायची, समोरून आलेली उलगडायची, आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पाठवायचा, आणि हे सगळं एकाच वेळी. त्यासाठी प्रोग्रामात डझनावारी थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, धावत असतात. सगळे मेमरीतले तेच डबे एकमेकांच्या हातात देतात. घोटाळा होतो तो या देवघेवीत.

आता माझ्या आवडीचा भाग. प्रोग्रामला दिसणारे मेमरीचे पत्ते खरे नसतातच! मशीनमध्ये रॅम ८ जीबी असली तरी इंटेल-एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरवर प्रत्येक प्रोग्रामला वाटतं, आपल्यापुढे १२८ टेराबाइटचं मोकळं रान आहे. हा आभास कर्नल आणि प्रोसेसरमधला एमएमयू (पत्त्यांचं भाषांतर करणारा भाग) मिळून उभा करतात. मेमरी ४,०९६ बाइटच्या पानांत कापलेली असते. प्रोग्रामचा पत्ता सहसा ४८ बिटांचा. त्यातले शेवटचे १२ बिट पानातली जागा सांगतात (२ चा १२ वा घात ४,०९६, हिशेब चोख). उरलेल्या ३६ चे ९-९ चे चार तुकडे. पहिल्या तुकड्यावरून ५१२ नोंदींच्या एका तक्त्यात पाहायचं, तिथे दुसऱ्या तक्त्याचा ठिकाणा मिळतो, त्यात तिसऱ्याचा, आणि चौथ्या तक्त्यात रॅममधलं खरं पान सापडतं. दर वेळी एवढी यातायात परवडत नाही, म्हणून ताजी उत्तरं टीएलबी नावाच्या छोट्या वहीत टिपून ठेवलेली असतात.

आणि तक्त्यात नोंदच नसेल तर? एमएमयू हात वर करतो आणि प्रोसेसर हातातलं काम टाकून कर्नलला बोलावतो. पुष्कळदा यात गैर काही नसतं. मेमरी कबूल केलेली असते, पान द्यायचं राहिलेलं असतं, कर्नल ते देतो. पण तो पत्ता कधी दिलेलाच नसेल, तर कर्नल प्रोग्रामला ११ क्रमांकाचा सिग्नल, म्हणजे इशारा, पाठवतो आणि प्रोग्राम सहसा तिथेच मरतो. यालाच सेगमेंटेशन फॉल्ट म्हणतात.

उदाहरण घ्या. १२८० बाय ७२० चं चित्र, दर बिंदूला सरासरी दीड बाइट, म्हणजे १३,८२,४०० बाइट किंवा ३३८ पानं. नेट मंदावलं म्हणून समोरून ६४० बाय ३६० चं चित्र येऊ लागलं. त्याला ८५ पानं पुरतात. नवा डबा तेवढाच घेतला, पण एका थ्रेडला निरोप पोचला नाही. तो ३३८ पानं वाचायला निघाला. ८६ वं पान कुणाचंच नसेल तर खेळ तिथेच संपतो. पण ते याच प्रोग्रामच्या दुसऱ्या कामाला दिलेलं असेल, तर एमएमयूला काहीच वावगं दिसत नाही. थ्रेड नुसता वाचत असेल तर चित्रात कचरा दिसेल. लिहीत असेल तर दुसऱ्याची माहिती पुसली जाईल, आणि प्रोग्राम मरेल वीस मिनिटांनी, भलत्याच ठिकाणी. म्हणूनच हा क्रॅश ‘कधीही होतो’ असं वाटतं. या उदाहरणात नेट मंदावलं हे खरं, पण प्रोग्राम मेला तो पत्ता चुकल्यामुळे.

इथे लोक तोडगे सुरू करतात. सगळं काढून पुन्हा टाका, कुठून तरी सुडोवाली (म्हणजे सगळे अधिकार घेऊन चालणारी) ओळ उचलून चिकटवा. त्या ओळीत काय आहे हे न वाचता एंटर मारणं आणि मनगटावर गंडा बांधणं यात मला फारसा फरक दिसत नाही. गंड्याने निदान ड्रायव्हर तरी उडत नाही.

त्याऐवजी जर्नलसीटीएल या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये कर्नलच्या नोंदी पाहा. ‘सेगफॉल्ट ॲट’ या शब्दांपुढे पत्ता असतो. तो शून्य किंवा शून्याजवळचा असेल, तर प्रोग्राम रिकाम्या पॉइंटरच्या, म्हणजे कुठलाच पत्ता न भरलेल्या खुणेच्या, मागे गेला. ओळीच्या शेवटी बहुधा लायब्ररीचं (प्रोग्राम वापरतो त्या तयार कोडच्या फाइलचं) नाव असतं. ते मेसा या ग्राफिक्स लायब्ररीचं किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचं निघालं, तर कॉलच्या प्रोग्राममधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्रांचं काम ग्राफिक्स चिपवर टाकणं) बंद करून तोच कॉल पुन्हा लावा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही. प्रोग्राम संपताना मागे एक आकडा ठेवतो, तो एक्झिट कोड; सिग्नलने मेला तर तो १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असतो. १३९ आला तर १२८ अधिक ११, म्हणजे वरचीच कथा. १३७ आला तर १२८ अधिक ९: बहुधा रॅम संपली आणि ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोग्राम मारणाऱ्या कर्नलच्या भागाने) सगळ्यात जाड गिऱ्हाईक उचललं. पन्नास टॅब उघडे ठेवून कॉल करणाऱ्यांनी हे आधी तपासावं. क्रॅश फक्त स्क्रीन शेअर करतानाच होत असेल, तर वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवणारी व्यवस्था), पोर्टल (परवानगी विचारणारा मध्यस्थ) आणि पाइपवायर (चित्र-आवाज पोचवणारी सेवा) या साखळीकडे बघा. वेलँडवर कुठल्याही प्रोग्रामला दुसऱ्याची खिडकी परस्पर पाहता येत नाही, ती या मार्गाने मागावी लागते.

सविस्तर पंचनामा हवा असेल तर कोअरडम्पसीटीएल ही कमांड आहे; मेलेल्या प्रोग्रामची साठवलेली ‘कोअर डम्प’ फाइल ती उघडून दाखवते. त्यातला ‘कोअर’ शब्द चुंबकीय कड्यांच्या मेमरीच्या काळापासून चालत आलाय. कड्या गेल्या, नाव राहिलं. मात्र त्या फाइलमध्ये मरतेवेळची मेमरी जशीच्या तशी असते. त्यात तुमचा पासवर्ड किंवा चॅटही सापडू शकतं. तक्रार नोंदवताना फाइल नको, बॅकट्रेसच्या (मरताना प्रोग्राम कोडमध्ये कुठून कुठे पोचला होता ते सांगणाऱ्या) ओळी पाठवा. बहुतेकदा तेवढ्या पुरतात.