मांजराच्या लिटरसाठी गावची माती: अर्ज नेमका कुठे अडतो?

“माती आमच्याच वावरातली, मग परवाना कशाला?” मांजराच्या लिटरचा, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या पेटीत घालायच्या मातीचा, धंदा करायला कागद घेऊन येणारे आधी हेच विचारतात. सातबारा तुमचा असला तरी खालचं खनिज शासनाचं, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४८ सांगतं. बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती), मुलतानी माती, चिनी माती ही सगळी गौण खनिजं आहेत, म्हणजे त्यांचे नियम राज्य सरकार करतं. मडकी-पणत्यांसाठी हाताने माती काढणाऱ्या कुंभारांना पर्यावरण मंजुरीतून सूट आहे, पण ती लिटरच्या धंद्याला चालत नाही. विनापरवाना माती उचलली तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, शिवाय ट्रॅक्टर जप्त.

अर्जाआधी माती तपासून घ्या. ओलं झाल्यावर गोळा धरणारं लिटर सोडियम बेंटोनाइटचं असतं, आणि आपल्या देशात ते कच्छ-बाडमेरकडे सापडतं. आपली काळी माती फुगते खरी, पण तिच्यात चुनखडीचे खडे फार. चिनी मातीचा तर गोळाच होत नाही. पाणी किती शोषते, धूळ किती उडते, याचा प्रयोगशाळेचा अहवाल हातात आल्याशिवाय मशीनला पैसे लावू नका.

सगळ्यात वाईट फसगत जमिनीच्या प्रकारात होते. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत पडीक दिसणारी जागा ‘झुडपी जंगल’ निघते. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी ती वनजमीनच ठरवली, त्यामुळे केंद्राच्या मंजुरीशिवाय तिथे कुदळ लावता येत नाही. नुसत्या सातबाऱ्यावर विसंबू नका, निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक जमिनीच्या वापराची नोंद) आणि जुना अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद) हेही काढा. मेळघाट किंवा गडचिरोलीच्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात ग्रामसभेची शिफारस आधी लागते. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव म्हणजे ग्रामसभा नव्हे! या एका चुकीपायी वर्ष गेलेले लोक मी पाहिले आहेत.

दुसरी अडचण घरातलीच. सातबाऱ्यावर अजून वारलेल्या आजोबांचं नाव असतं, वारस फेरफार झालेला नसतो, आणि संमती द्यायचा चुलतभाऊ पुण्यात. त्यात कार्यालय एका वेळी एकच त्रुटी कळवतं, गरीब माणूस खेटे घालून थकतो. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्या कागदांची यादी लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या.

खाणपट्ट्याचा, म्हणजे खनिज काढायच्या भाडेपट्ट्याचा, अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत होतो. मोजणी नकाशा, खाणकाम आराखडा आणि पर्यावरण मंजुरी लागते, ५ हेक्टरपेक्षा लहान पट्टा असला तरीही. लहान उद्योजकाने या फंदात पडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पट्टेधारकाकडून वाहतूक पासासह माती विकत घ्या आणि वाळवणं, दळणं, चाळणं, पॅकिंग एवढंच करा. प्रत्येक खेपेचा पास फाइलला लावा.

कर्जासाठी पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) ५० लाखांपर्यंतचा उत्पादन प्रकल्प बसतो. १० लाखांच्या वर असेल तर आठवी पासचा दाखला लागतो, आणि जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरायची नाही. योजना फक्त नव्या उद्योगाला आहे. मंजुरीआधी उत्पादन सुरू केलंत तर अर्ज ‘चालू उद्योग’ म्हणून परत येतो, तेव्हा तोवर पोती भरायची घाई करू नका.