भाडं भागिले काय?

मुलुंडला आमच्या सोसायटीची मीटिंग संपली, की खुर्च्या आवरताना कुणीतरी म्हणतंच, "गुंतवणुकीच्या फ्लॅटवर दहा टक्के सुटतात." परवा एका काकांनी मेंटेनन्सच्या बिलामागे हिशेबच मांडला. फ्लॅट १ कोटीचा, कर्ज ७५ लाख, पदरचे २५. स्टॅम्प ड्युटी ६ टक्के आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार कर्जात बसत नाहीत, तेही खिशातूनच. एकूण ३१ लाख ३० हजार. भाडं महिना २५ हजार, वर्षाचे ३ लाख. तीन भागिले एकतीस, साडेनऊ टक्के. झालं!

भाड्याचा परतावा सगळ्यांना ठाऊक असतो: वर्षाचं भाडं भागिले घराची पूर्ण किंमत. इथे ३ टक्के. सोसायटी, डागडुजी, ब्रोकर वजा जाता अडीच. घर रोखीने घ्या नाहीतर कर्जाने, आकडा तोच.

पदरच्या पैशावरचा परतावा, म्हणजे काकांनी काढला तो, निराळा. भागताना बँकेचे ७५ लाख वगळलेत ना? मग भाड्यातून त्यांचं व्याजही वगळा. काकांनी भागाकारात बँकेला खालून हाकललं आणि वर तिच्या पैशाचं भाडं मात्र ठेवून घेतलं. साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांच्या कर्जावर पहिल्या वर्षाचं व्याजच ६ लाख ३० हजारांच्या आसपास जातं. हातात भाडं अडीच लाख. खड्डा ३ लाख ८० हजारांचा, म्हणजे पदरच्या पैशावर उणे १२ टक्के.

काहीजण उलट अख्खा हप्ताच तोट्यात धरतात. तेही चूक. ६५ हजारांच्या हप्त्यातले सुरुवातीला १२ हजार मुद्दलात जातात, तेवढं कर्ज फिटतं. महिन्याची ओढाताण होते ती वेगळी.

"अहो, किंमत वाढेल की!" वाढेलही. ५ टक्के वाढली तर ५ लाख. खड्डा भरून १ लाख २० हजार उरतात, जेमतेम चार टक्के, तेही कागदावर. किंमत जागीच राहिली तर उणे १२, पाच टक्के उतरली तर उणे २८. कर्ज वर जाताना आकडा फुगवतं, तसंच खाली येताना आपटवतं. दहा टक्केवाल्यांच्या बिलामागे हा अर्धा भाग कधीच नसतो. कर तर मी धरलेलाही नाही.

राहायला घर घ्यायचं असेल तर कर्ज जरूर काढा, मीही काढलंय. पण अडीच टक्क्यांच्या भाड्यासाठी साडेआठ टक्क्यांचं कर्ज मी काढणार नाही.