पांगुळगाडा घेण्याआधी

तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी आमच्याकडे वर्षातून एकदा खपतात, पांगुळगाडा मात्र बाराही महिने लागतो. गाडा मागणाऱ्याला आम्ही आधी वय विचारत नाही. विचारतो, "बाजेला धरून लेकरू आपल्या आपण उभं राहते का?"

राहत असेल तर गाडा खुशाल न्या. नसेल तर थांबा. गाडा चालायला शिकवत नाही, उभं राहणाऱ्याला पुढे जायला आधार देतो. कमरेत आणि मांड्यांत बळ येतं ते जमिनीवर लोळून, रांगून, बाजेला धरून शंभरदा उठबस करून. म्हणून लेकराला दिवसभर कडेवर किंवा झोळीत ठेवू नका, ओसरीत गोधडी टाकून खाली सोडा.

शेजारचं अकराव्या महिन्यात चाललं म्हणून जीव खाली-वर करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह ५ देशांतली निरोगी मुलं पाहून २००६ साली आकडे दिले. त्यात कोणी ८ महिन्यांचं होताच एकटं चाललं, कोणी साडेसतरा महिन्यांनी. काही तर रांगलीच नाहीत. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या लेकराचं वय डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजा.

मधे बसवायचा चाकांचा वॉकर आम्ही ठेवत नाही. त्यात लेकरू लोंबकळतं, चवड्यांवर ढकलत सुटतं आणि पायरीवरून उलटतं. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

आता गाड्याचं. सारवलेल्या अंगणात तो बेताने चालतो, फरशीवर मात्र पळतो. लेकरू मागे राहतं आणि तोंडावर पडतं. घरात फरशी असेल तर आम्हाला आधी सांगा, चाकं घट्ट बसवून देऊ. पहिले काही दिवस गाड्याच्या खालच्या पाटीला एक वीट बांधून ठेवा. दांडी लेकराच्या छातीपेक्षा उंच नको. पाय उघडे असू द्या, आणि विहीर, चूल, पायरी जवळ असेल तिथे गाडा नेऊच नका.

पण काही गोष्टींत वाट पाहणं चुकीचं. दीड वर्ष झालं तरी एकटं चालत नाही. एकच हात किंवा एकच पाय वापरतं. वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही. दीड वर्षाचं होऊनही हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. दोन वर्षांचं झालं तरी "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, येत होतं ते विसरलं, मग वय काहीही असो.

अशा वेळी "बाप पण उशिरा बोलला होता" किंवा "कापूस वेचणी आटोपली की पाहू" म्हणू नका. अंगणवाडीताईला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, तपासणी फुकट असते. पथक नुकतंच येऊन गेलं असेल तर सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात.

तोवर तुमचा गाडा आम्ही बाजूला काढून ठेवू. बयाणा नको. दाखवून या, मग न्या.