फॉलआउट २ मधली दोन घड्याळं

जुना गेम नव्या कॉम्प्युटरवर टाकला की तो आधीपेक्षा चांगलाच चालणार, असं आपण गृहीत धरतो. यंत्र कितीतरी पटींनी ताकदवान झालं, मग अडचण कसली? मीही तसंच धरून चाललो होतो आणि 'फॉलआउट २' पुन्हा खेळायला घेतला.

ब्लॅक आइल स्टुडिओजचा हा गेम १९९८ सालचा. अणुयुद्धात उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेच्या पश्चिम भागात, २२४१ साली, अरोयो नावाच्या वस्तीतून आपलं पात्र बाहेर पडतं. लढाई पाळीपाळीने, षटकोनी घरांच्या पटावर. गावागावांमधला प्रवास मात्र एका मोठ्या नकाशावर होतो. ठिकाणावर क्लिक केलं की आपली खूण तिकडे सरकू लागते आणि वाटेत अचानक कुणीतरी आडवं येतं: लुटारूंची टोळी, जनावरं, कधी व्यापाऱ्यांचा तांडा. हा प्रवास जीव मुठीत धरून करायचा असतो, असं मला पक्कं आठवत होतं.

या वेळी खूण अरोयोहून निघाली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच क्लॅमथला पोचली. पुढच्या गावी गेलो, तेही तसंच. अर्धा नकाशा पालथा घातला तरी वाटेत जवळजवळ कुणीच भेटलं नाही. आठवणीतला तो जीवघेणा प्रवास गेला कुठे?

तो प्रोसेसरने गिळला होता, आणि कसा गिळला हे मला या गेममधल्या कुठल्याही कथेइतकंच रंजक वाटतं. नकाशावर खूण सरकवणारा कोड हा एक लूप आहे, म्हणजे त्याच त्या सूचना पुन्हा पुन्हा चालवणारं चक्र. लूप एकदा फिरला की खूण एक पाऊल पुढे जाते आणि त्या हिशोबाने खेळातली तारीख-वेळही पुढे सरकते. लूप सेकंदाला किती वेळा फिरावा, यावर लगाम नाही. यंत्राला जमेल तितक्या वेगाने तो फिरतो. वाटेत कुणी भेटणार का, याचा फासा मात्र लूपच्या फेऱ्या मोजून पडत नाही. तो भिंतीवरच्या घड्याळाने पडतो, साधारण दीड सेकंदातून एकदा. म्हणजे एकाच प्रवासाला दोन घड्याळं: अंतराचं घड्याळ प्रोसेसरच्या तालावर, संकटांचं घड्याळ खऱ्या सेकंदांवर.

आता थोडा हिशोब करू. आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा प्रवास ६०० पावलांचा आहे आणि प्रत्येक फाशाला संकट येण्याची शक्यता १० टक्के आहे. जुनं यंत्र सेकंदाला २० पावलं टाकतं, म्हणजे प्रवासाला ३० सेकंद लागतील आणि तेवढ्यात २० फासे पडतील. एकही संकट न येण्याची शक्यता ०.९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे १२ टक्के. थोडक्यात, ८८ टक्के वेळा कुणीतरी आडवं येणारच. नवं यंत्र सेकंदाला ६०० पावलं टाकत असेल, तर प्रवास एका सेकंदात संपतो आणि फार तर एक फासा पडतो. कधी तोही नाही.

याचे परिणाम दूरवर जातात. वाटेतल्या लढाया झाल्या नाहीत, तर अनुभवाचे गुण आणि लूट मिळत नाही. रानावनात निभावून नेण्याचं, संकट टाळण्याचं एक खास कौशल्य या गेममध्ये आहे. त्यावर खर्च केलेले गुण जवळजवळ वाया जातात, कारण टाळायला संकटच येत नाही. निर्मात्यांनी तोलून मापून ठेवलेला खेळ एकही ओळ न बदलता बदलून गेला!

ही चूक फार जुन्या घराण्यातली आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता, आणि अनेक गेम हाच वेग कायमचा मानून लिहिले गेले. पुढे वेगवान यंत्रं आली तेव्हा त्यांच्यावर 'टर्बो' बटण आलं. नाव वेगाचं असलं तरी त्याचा खरा उपयोग यंत्राचा वेग कमी करण्यासाठी होई. बोरलँड कंपनीच्या टर्बो पास्कल या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनात तर याहून सुंदर उदाहरण सापडतं. त्यातला एक भाग, तो वापरणारा प्रोग्राम सुरू होताच, यंत्राचा वेग मोजायचा. पीसीचं घड्याळ सेकंदाला सुमारे १८.२ ठोके देतं, म्हणजे एक ठोका ५५ मिलिसेकंदांचा. एका ठोक्यात रिकामा लूप किती वेळा फिरला ते मोजायचं आणि त्याला ५५ ने भागायचं, की एका मिलिसेकंदातल्या फेऱ्या मिळाल्या. पण उत्तर ठेवायला जागा १६ बिटांची, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. फेऱ्या ३६ लाखांच्या थोड्या पुढे गेल्या की उत्तर त्या जागेत मावत नाही. प्रोसेसर भागाकार सोडून देतो आणि प्रोग्राम आपली पहिली ओळही न चालवता 'रनटाइम एरर २००' म्हणत बंद पडतो. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या आसपासची यंत्रं आली आणि चांगले चालणारे प्रोग्राम असे एकाएकी कोसळू लागले.

यावरचा उपाय शाळेतल्या सूत्रात आहे: अंतर = वेग × काळ. मागच्या फेरीपासून किती काळ गेला ते प्रत्येक फेरीत मोजायचं आणि तेवढंच पुढे सरकायचं. मग यंत्र कितीही वेगवान असो, खूण ठरलेल्या वेळीच पोचते. पण काळ मोजणारं घड्याळ बारीक हवं. विंडोजचं साधं घड्याळ १० ते १६ मिलिसेकंदांच्या उड्या मारत पुढे जातं. फेरी त्याहून लवकर संपली, तर 'गेलेला काळ' शून्य भरतो, खूण जागीच थांबते आणि मग एकदम उडी घेते.

लढाईला यातलं काहीही शिवलेलं नाही, हे मला फार आवडतं. तिथे काळाचं एकक सेकंद नाही, ॲक्शन पॉइंट आहे, म्हणजे प्रत्येक पाळीत कृतींवर खर्च करायला मिळणारे ठरावीक गुण. एक घर चालायला एक, पिस्तुलाच्या साध्या गोळीला पाच. दहा पॉइंट असतील तर एका पाळीत दोन गोळ्या, १९९८ मध्येही आणि आजही. बुद्धिबळ कितीही भराभर खेळलं तरी घोडा अडीच घरंच जातो, तसंच हे. पात्रांच्या हालचालीही ठीक दिसतात, कारण सेकंदाला किती चित्रं दाखवायची हे त्यांच्या फायलीतच लिहिलेलं आहे.

लढाईचा विषय निघालाच आहे, तर एका अंधश्रद्धेबद्दलही बोलतो. नेम लागण्याची शक्यता ९५ टक्के दाखवते आणि तरी गोळी चुकते, तेव्हा 'कॉम्प्युटर मुद्दाम हरवतो' असं खेळाडू छातीठोकपणे सांगतात. ९५ ही या गेममधली कमाल मर्यादाच आहे, त्यापुढे आकडा जात नाही. अशा हजार गोळ्या झाडल्या तर सरासरी पन्नास चुकणारच, आणि लागोपाठ दोन चुकण्याचा प्रसंग चारशेत एकदा येतो. शेकडो लढायांच्या गेममध्ये तो आला नाही तरच नवल. आपल्याला लागलेल्या गोळ्या आठवत नाहीत, चुकलेल्या आठवतात. ठरावीक जागी सेव्ह केलं की नशीब फळफळतं, हा समजही त्यातलाच.

नकाशाचं दुखणं चाहत्यांनी केव्हाच बरं केलं आहे. 'एसफॉल' नावाच्या पॅचमध्ये, म्हणजे मूळ गेमला लावायच्या दुरुस्तीत, यासाठी दोन वेगळ्या सोयी आहेत. एक नकाशावरच्या लूपला लगाम घालते आणि दुसरी संकटांचा दर प्रवासाच्या वेगापासून तोडते. पहिलीने चाल जुन्या काळासारखी होते. दुसरी चालू केली, तर चाल वेगवान ठेवूनही संकटं योग्य प्रमाणात येतात. मी फक्त पहिली चालू केली, कारण खूण हळूहळू सरकताना वाटणारी धाकधूक मला परत हवी होती. अरोयोहून पुन्हा निघालो. क्लॅमथला पोचण्याआधी दोनदा थांबवला गेलो, आणि दुसऱ्या वेळी कसाबसा पळ काढून वाचलो.